फाटकाच्या आत

माझ्या स्वयंपाकघरात कॅमेरा बसला, म्हणून मी जंगलात जाऊन राहायचं ठरवलं. दोन्हीचा संबंध काय, असं बबीनं विचारलं. बबी माझी लेक, एकुलती एक. औषधाचं दुकान चालवते आणि दुकान बंद केल्यावरही सगळ्या जगाला पेशंटच समजते. मी तिला म्हटलं, जंगलातही कॅमेरे असतात म्हणे, पण ते जनावरांवर नजर ठेवायला. माझ्या ओट्यासमोर कॅमेरा लावून तुम्ही मला कशात जमा केलंत ते मला कळलं.

झालं होतं एवढंच, की हिवाळ्यात एका सकाळी मी मधुमेहाची गोळी घेतली आणि नाश्ता राहून गेला. साखर उतरली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्याखाली बसकण मारली. पडले म्हणा हवं तर. नळ चालू राहिला म्हणून खालच्या मजल्यावरच्यांनी येऊन दार वाजवलं. हाड मोडलं नाही, डोकं फुटलं नाही, एक कपबशी तेवढी गेली. पण बबीच्या लेखी त्या दिवसापासून मी काचेची झाले.

आधी संध्याकाळचा फोन सुरू झाला, मग सकाळचाही, मग हा कॅमेरा. एकदा मी त्यावर फडकं टाकलं, तर जावईबापू धापा टाकत दारात हजर. जावईबापू मवाळ माणूस. आम्हा दोघींच्या मध्ये सापडले की चष्मा पुसत बसतात. आणि मग मागच्या खोलीचा विषय निघाला. बबीच्या घरात मागे एक खोली आहे, तिथे सध्या कपडे धुण्याचं यंत्र आणि इस्त्रीचं टेबल असतं. ते हलवायचं, खिडकीला जाळी बसवायची आणि माझं घर भाड्यानं देऊन मला तिथे न्यायचं, असं ठरत होतं. ठरत होतं म्हणजे माझ्यासमोर ठरत होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं.

"मी दोन रात्री जंगलात एकटी राहते," मी म्हणाले. "तंबूत. धड परत आले तर कॅमेरा काढायचा आणि मागच्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही जमलं, तर मी स्वतः घराच्या किल्ल्या तुझ्या हातात देते."

"आई, काहीतरी काय बोलतेस?"

"तुला माझ्यावर भरवसा नाही. बरोबर? मग बघून घे."

जावईबापूंनी चष्मा पुसला. त्यांच्याकडे ऑफिसच्या सहलीत एकदाच वापरलेला तंबू माळ्यावर पडला होता. दुसऱ्या दिवशी ते तो गुपचूप माझ्या दारात ठेवून गेले. ह्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी सुधारलं.

जंगलच का, हेही सांगते. मी जन्मभर शहराची बस चालवली. डेपोत आम्ही बायका ड्रायव्हर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो आणि आम्हाला ज्या फेऱ्या कुणाला नको असत त्या मिळत. सुट्टीच्या दिवशी राष्ट्रीय उद्यानाची फेरी असायची, लांबची आणि वळणावळणाची. ती कितीतरी वर्षं माझ्या गळ्यात होती. शेवटचा थांबा म्हणजे उद्यानाचं फाटक. उतारू पाठीवर पिशव्या टाकून, गाणी म्हणत आत जायचे. मी रिकामी गाडी वळवायची, बाकांखाली कुणाची छत्री, कुणाचं लेकरू राहिलं नाही ना ते बघायची आणि परतीच्या उतारूंची वाट पाहत स्टिअरिंगवर डबा खायची. आत काय आहे ते मी एकदाही पाहिलं नाही. वेळच नव्हता. घरी बबी होती, तिला बाप नव्हता, आणि गाडी वेळेवर डेपोत लावायची असे.

आता वेळ होता. मग अडवणारे का असेनात.

तंबू लावायचा सराव मी दिवाणखान्यात केला. खुर्च्या भिंतीला लावल्या आणि खुंट्यांच्या जागी पुस्तकांचे गठ्ठे ठेवले. पहिल्यांदा तो माझ्या अंगावरच बसला. तिसऱ्यांदा उभा राहिला, जरा कलता, पण उभा. तेवढ्यात फोन. "आई, कॅमेऱ्यात तू दिसत नाहीयेस." मी म्हटलं, "मी तंबूत आहे."

एकटीनं बसनं जायचं माझं ठरलं होतं, पण सोडायला येणारच म्हणून बबी हटून बसली. म्हटलं, सोड आणि जा. फाटकावर वनरक्षक बाई होती. बबीपेक्षा लहान, बूट चिखलानं भरलेले, बोलणं तोडून. तिनं आम्हा दोघींना एका लोखंडी पेटीसमोर उभं केलं.

"इथे वीज नाही, फोनला रेंज नाही. पाणी हातपंपाचं, उकळून प्यायचं. संडास त्या टेकाडामागे, कडी आतून नीट लावायची, वाऱ्यानं उघडते. आणि ही पेटी. खाण्याचं जे जे असेल ते हिच्यात. साबण, दंतमंजन, केसांचं तेल, सगळं. तंबूत काही म्हणजे काही नाही. रानडुकरांना वास लागतो. एकदा का त्यांना कळलं की तंबूत खाऊ असतो, की मग ती कुणाचाच तंबू सोडत नाहीत. मागे एका पोराची मांडी फाडली. तेव्हा तंबूत खाणं ठेवणारा माणूस त्याच दिवशी फाटकाबाहेर. मग तो कुणी का असेना."

"बरोबर आहे," मी म्हणाले. मला नियम स्पष्ट सांगणारी माणसं आवडतात. बबी मात्र पेटीपासून तंबूच्या जागेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजत होती.

बबीचं लक्ष नाही असं बघून मी गार्डबाईला बाजूला घेतलं आणि माझ्या साखरेचं सांगितलं. ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी दाखवली. तिनं झाकण फिरवून पाहिलं, हुंगून पाहिलं. "वास येत नाही. झाकण घट्ट आहे. ही अंगावर ठेवा, खिशात. झोपतानासुद्धा," ती म्हणाली. प्रश्न मिटला. मी बबीला हे सांगितलं नाही, कारण तिनं विचारलं नाही. तिनं गेले कित्येक महिने मला सांगितलंच होतं फक्त.

जागा म्हणाल तर अगदी साधी. उंच झाडांखाली सपाट केलेले तुकडे, प्रत्येकाला एक लाकडी खुंट, त्यावर आकडा. दगडांची चूल, तीही काळी ठिक्कर. लांबवर, गार्डबाईच्या चौकीसमोर, आणखी दोन तंबू दिसत होते. वाऱ्यानं वर पानं वाजत होती आणि खाली अगदी शांत होतं. मला इतकं बरं वाटलं, की मी बबीकडे न बघता कामाला लागले. खाली ताडपत्री, मग दांड्या जोडून कमानी, मग खुंट्या. खुंटी तिरकी ठोकायची, दोरीच्या उलट बाजूला झुकवून, हे मी शिकून आले होते. बबी दर मिनिटाला "मी धरू का" म्हणत होती. मी "नको" म्हणत होते. तिचा चेहरा असा झाला, की शेवटी मलाच दया आली.

"अंथरूण घाल," मी म्हणाले. "तेवढं तू कर."

ती लगेच आत शिरली. घरून आणलेली गादीची वळकटी, चादरी, उशी, सगळं तिनं आत नीट मांडलं, बराच वेळ मांडलं. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते. मला मिठी मारली, "काळजी घे" असं तीनतीनदा म्हणाली आणि गेली. तिची गाडी वळणाआड गेल्यावर मी मोठ्यानं हसले. का ते विचारू नका. आपल्याकडे कुणी बघत नसताना हसायला किती मोकळं वाटतं, हे मी विसरूनच गेले होते.

पहिल्या रात्रीबद्दल फुशारकी मारणार नाही. भीती वाटली. उशी गाठाळ होती. बबीकडच्या उशा अशाच, कापूस कधी पिंजून घेत नाही. कधीतरी माझ्या डोक्याशी, कापडाच्या पलीकडे, काहीतरी हुंगत उभं राहिलं. जड श्वास, मग पानांचा चुरा झाल्याचा आवाज, मग काही नाही. मी खिशातली डबी मुठीत धरून पडून राहिले. माझ्याकडे खाण्याचं काही नाही, त्याला इथे काही मिळणार नाही, असं स्वतःला समजावलं. पहाटे झोप लागली ती पाखरांनी मोडली.

दुसरा दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक. सकाळी लवकर खाल्लं, वेळेवर गोळी घेतली. डुकरांचा वावर दिवस कलल्यावर, उन्हात ती दाटीतच पडून असतात, असं गार्डबाईनं सांगितलं होतं. म्हणून ऊन चढल्यावर ओढ्यापर्यंत चालत गेले. वाट दगडांची होती, मी माझ्या चालीनं गेले. मागून येणारी तरुण जोडपी पुढे निघून गेली. एकानं "काकू, हात देऊ का" विचारलं, मी म्हटलं, "मला दोन आहेत." ओढ्यात पाय सोडून बसले. इतकी वर्षं ज्या लोकांना मी फाटकाशी उतरवत होते ते आत येऊन हे करत होते तर. मला राग आला नाही. मला फक्त आणखी बसावंसं वाटलं, आणि मी बसले.

दिवस कलायच्या आधी परत आले, तर तंबूची एक बाजू फाटून लोळत होती. एक दांडी वाकली होती. गादी अर्धी बाहेर, चादर चिखलात, उशीचा कापूस झुडपांपर्यंत पसरलेला. ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. गार्डबाई त्यांच्याशेजारी उकिडवी बसली होती.

"डुक्कर," ती म्हणाली. "मादी असणार, मागे पिल्लंही होती. वास लागला की अशी दिवसाउजेडीही येते. काकू, आत काय ठेवलं होतंत?"

"काही नाही."

तिनं कापसातून एक फडकं उचललं. फाटलेलं, चिकट. त्यात दोन-तीन खजूर अजून होते, बाकीच्यांच्या बिया इकडेतिकडे.

खजूर मी घरी ठेवतेच. साखर उतरली तर म्हणून. ओट्यावर, पलंगाशी, पर्समध्ये. येताना एक पुडी आणलीही होती. पण ती मी पेटीत ठेवली होती. ठेवली होती ना? मला पेटीचं झाकण आठवत होतं, कडी आठवत होती, हात आठवत होता, पण हातात खजूर होते का ते आठवेना. मी जन्मभर गाडी सोडायच्या आधी तिच्याभोवती फेरा मारला. चाकं, दिवे, मागची काच, आणीबाणीचं दार. एकाही दिवशी विसरले नाही. आणि आता हे. रात्री माझ्या डोक्याशी ते जनावर हुंगत होतं ते ह्याच्यासाठी, आणि त्याला मीच बोलावलं होतं.

मी दगडावर बसले. गार्डबाईचा सूर आता मऊ झाला होता, आणि तोच मला सोसवेना. माणसं तुमच्याशी असं हळू बोलायला लागली की समजावं, तुम्ही त्यांच्या हिशेबातून गेलात.

"नियम तुम्हाला सांगितला होता," ती म्हणाली. "मी वायरलेसवरून निरोप दिलाय. ऑफिसातून तुमच्या लेकीला फोन जाईल, तिचा नंबर नोंदवहीत आहे."

घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, इथून चांगल्या दोन तासांच्या वाटेवर. बबीची गाडी मात्र मी उशीचा कापूस गोळा करेपर्यंत फाटकाशी येऊन उभी राहिली. म्हणजे ती गेलीच नव्हती. फाट्यावरच्या लॉजवर मुक्काम ठोकून बसली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी ह्यावरून मी तिला सोलून काढलं असतं. त्या वेळी माझ्यात त्राण नव्हतं.

बबी धावत आली. मला चाचपून पाहिलं, हात, डोकं, पाय. मग तिनं तंबू पाहिला आणि गार्डबाईच्या हातातलं फडकं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काकूंच्या तंबूत खजूर होते," गार्डबाई म्हणाली. "त्यांना आठवत नाहीये."

बबीनं तोंड उघडलं. मग मिटलं. मग खाली बसून माझे हात हातात घेतले.

"असू दे आई," ती म्हणाली. "होतं असं. ह्या वयात होतं. चल, आपण घरी जाऊ."

मी मान हलवली. खरं सांगते, मी हो म्हटलं. भांडायचं ते डोक्याच्या भरवशावर, आणि माझ्याच डोक्यावरचा माझा विश्वास उडाला होता. किल्ल्या पर्समध्ये होत्या, त्या काढून द्यायच्या एवढंच राहिलं होतं. मागच्या खोलीला जाळी कुठल्या रंगाची बसवतील, असलाही एक विचार मनात येऊन गेला.

"पेटीतलं सामान काढून घेते," मी म्हणाले.

"मी काढते ना."

"मी काढते."

पेटी जड होती. झाकण दोन्ही हातांनी उचललं. आत माझी पिशवी होती: तांदूळ, मीठ, साबण, तेलाची बाटली. आणि पिशवीच्या कोपऱ्यात, दुकानाचा दोरा जसाच्या तसा गुंडाळलेली, खजुराची पुडी. न उघडलेली. मी ती हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. मी आणली ती एकच पुडी होती, आणि ती ही होती.

मी तिथेच उभी राहिले. ते दुसरे खजूर कुणाचे हे मला कळायला वेळ लागला नाही. अंथरूण घालायला बराच वेळ लागला होता. बबीनं तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं.

मी परत आले आणि पुडी दगडावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. बबीला मी वेळ दिला. तिनं पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चादर घडी करायला घेतली. चिखलानं भरलेली चादर ती कडेला कड लावून घडी करत होती.

"बबी," मी म्हणाले, "मी विसरले नाही."

"आई, आता कशाला तो विषय?"

"माझे खजूर पेटीत आहेत. मी विसरले नाही. माझ्याकडे बघून सांग."

तिच्या हातातून चादर सुटली. आणि मग ती रडायला लागली, दुकानदारीण बाईसारखी नाही, अगदी शाळकरी पोरीसारखी, नाक ओढत.

"मी ठेवले," ती म्हणाली. "उशीत. खोळ उसवून आत घातले. पेटी इतकी लांब आहे. रात्री तुझी साखर उतरली असती तर तू अंधारात तिथवर गेली असतीस? आणि तुला सांगितलं असतं तर तू काढून टाकले असतेस. म्हटलं, सकाळी उशी गाठाळ का म्हणून चाचपशील तर सापडतील. तू ठेवायचीस तसं."

हे मात्र खरं होतं. माझी पहाटेची पाळी असली की मी बबीच्या उशीच्या खोळीत काहीतरी सरकवून जायची. बिस्कीट, सुक्या मेव्याचा दाणा, कधी खजूर. पोर एकटी उठणार, उठल्या उठल्या काहीतरी तोंडात पडावं म्हणून. आम्ही दोघींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. तिनं मला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं, मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात माया अशीच चालायची, लपूनछपून, उशीखालून.

माझा जीव तिच्यासाठी तुटला. तिला जवळ घ्यावंसं वाटलं. आणि घेतलं नाही.

"रात्री ते माझ्या डोक्याशी उभं होतं," मी म्हणाले. "तंबूच्या कापडाला लागून. हुंगत होतं."

बबीनं तोंडावर हात धरला.

"आणि साखरेचं म्हणशील, तर ही डबी माझ्या खिशात आहे. ग्लुकोज. ह्या बाईंना विचारून ठेवली. तू मला विचारलं असतंस तर तुलाही कळलं असतं."

गार्डबाईनं मान डोलावली. "माझी परवानगी होती," ती म्हणाली. तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा तोडका झाला होता. मला फार बरं वाटलं.

"चुकले मी," बबी म्हणाली. "चुकलेच. पण मी घाबरले होते, आई."

"खजूर ठेवलेस त्याचं मी मनात ठेवणार नाही. तंबू फाटला, तो शिवता येतो. पण आत्ता, ह्या दगडाशी, मी खचून बसले होते आणि तुला खरं माहीत होतं. तू गप्प बसलीस. 'ह्या वयात होतं' म्हणालीस."

"मला वाटलं, निदान तू घरी तरी येशील."

"आले असते. तेच तर म्हणते. मुकाट्यानं आले असते. आणि मग त्या मागच्या खोलीत रोज सकाळी उठून माझी मीच पाळत ठेवली असती. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, आज वार कुठला. तुझा कॅमेरा परवडला. तू मला माझ्याच डोक्याचा धाक घालत होतीस, बबी."

गार्डबाईनं घसा साफ केला.

"नियम नियम आहे," ती म्हणाली. "खाणं ठेवणारा माणूस आजच्या आज बाहेर."

"म्हणजे मी," बबी म्हणाली.

"म्हणजे तुम्ही. काकूंना राहायचं असेल तर त्यांची मर्जी. पण ह्या जागेवर नाही. डुकरिणीला ही जागा कळली आहे. आज गस्तीची माणसं इथे ठेवते. तंबू त्या दोन तंबूंच्या ओळीत, माझ्या चौकीसमोर हलवायचा."

ऐकण्यासारखं असेल तर मी ऐकते. मी खुंट्या उपसायला घेतल्या. बबी पुढे झाली आणि थांबली. "मी धरू का" हे तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. तिनं ते गिळलं. मग ती उभी राहिली आणि मी तंबू गुंडाळला, आणि तो खांद्यावर टाकून चौकीसमोर नेला. वाकलेली दांडी गुडघ्यावर धरून सरळ केली. फाटलेल्या बाजूला सुई-दोरा आणि वरून चिकटपट्टी, असा बेत मनात पक्का झाला. उजेड अजून बराच होता.

बबीला सोडायला मी फाटकापर्यंत चालत गेले. तिची गाडी तिथे उभी होती, मी बस वळवायची तिथेच.

"कॅमेरा मी आज जाताच काढते," ती म्हणाली. "मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबलच राहू दे."

"राहू दे."

"तू अजून रागावलेली आहेस."

"हो," मी म्हणाले. "आणखी काही दिवस राहीन. तू सोस."

तिनं मान हलवली. गाडीचं दार उघडलं, पुन्हा बंद केलं.

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. काल तर जीव मुठीत धरून पडले होते. आजही वाटेल."

"मग?"

"मग काही नाही. वाटेल आणि मी तिथे असेन."

"इथे रेंज नाही. तू बरी आहेस हे मला कळणार कसं?"

"नाही कळणार."

"आई, मग मी करू काय?"

तिनं हे इतक्या खरेपणानं विचारलं, की मला हसू आलं. "तू सहा वर्षांची होतीस," मी म्हणाले, "गळ्यात किल्ली घालून शाळेतून एकटी घरी यायचीस. मी गाडीवर. खिशात फोन नव्हता, कॅमेरा नव्हता. तू रस्ता ओलांडलास का, जेवलीस का, पडलीस का, मला रात्रीपर्यंत कळायचं नाही. रोज. तेव्हा मी काय करत होते? गाडी चालवत होते. तू जा, दुकान उघड."

बबी माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं वाकून माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं, क्षणभर, आणि गाडीत बसली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता की नाही, आता नक्की सांगता येत नाही. फिरवला असेन.

तिनं गाडी वळवली. वळवताना दोनदा मागे-पुढे करावी लागली. माझ्या लेकीला एका दमात गाडी वळवता येत नाही, हे माझं दुःख जुनं आहे. मग ती उताराला लागली, हळूहळू, आणि मला आरशात तिचे डोळे दिसले. रस्त्यावर नव्हते, माझ्यावर होते.

मी फाटकाच्या आतून हात वर केला आणि तिला खूण केली: पुढे बघ.